जुन्या कॉमिकचं कव्हर बघताना आधी रंग बघा, चित्र नंतर

जुन्या अमेरिकन कॉमिक्सबद्दल बोलताना सगळे चित्रकाराचंच नाव घेतात, रंग भरणाऱ्याचं कोणी घेत नाही, आणि खरं सांगायचं तर स्टॅन्डवरच्या गर्दीत हात ज्या अंकाकडे जायचा तो रंगामुळेच. म्हणून कव्हर कसं बघायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी ते चार-पाच पावलं लांब ठेवा आणि डोळे थोडे बारीक करून बघा. रेषा पुसट होतात, फक्त रंगांचे मोठे पट्टे उरतात, आणि एवढ्यातही मुख्य आकृती उठून दिसली तर रंगकाम जमलंय. 1939 चं डिटेक्टिव्ह कॉमिक्स अंक 27 घ्या ना, मागे सगळं पिवळं आणि त्यावर पंख पसरलेला काळा-करडा बॅटमॅन, बस. मागे निळी रात्र असती तर तो त्यातच बुडाला असता (रात्री आकाश पिवळं कसं, असं कोणी विचारत पण नाही).

मग कोणाला कुठला रंग दिलाय ते बघा. मार्व्हलमध्ये साठच्या दशकात रंग ठरवणारा स्टॅन गोल्डबर्ग हिरोंना लाल, निळा, पिवळा असे मूळ रंग द्यायचा आणि व्हिलनना हिरवा-जांभळा. हल्क हिरो असूनही हिरवा आहे म्हणून हे खोटं ठरतं असं नाही, तो 1962 च्या पहिल्या अंकात करडा होता, पण छपाईत करडा रंग प्रत्येक पानावर वेगळाच यायला लागला म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा केला.

आता भिंग घ्या. तेव्हा लाल-गुलाबी, निळी, पिवळी आणि काळी एवढ्याच शाया, आतल्या पानांवर पहिल्या तिघींच्या 25, 50 आणि 100 टक्के अशा छटा, म्हणजे कोरा कागद धरून एकूण 64 रंग. चेहऱ्याचा रंग भिंगातून बघितलात तर तिथे चेहऱ्याचा असा रंगच नसतो, नुसते ठिपके असतात. कव्हर गुळगुळीत कागदावर छापायचे म्हणून रंग आतल्यापेक्षा झळाळतो. एखादी शाई जरा सरकली की ओठांचा लाल गालावर येतो, मला ते आवडतं, पण विकत घेताना लोक नाक मुरडतात.

घ्यायचंच असेल तर रंग उडालाय का ते आधी तपासा. उजेडात लाल आणि पिवळा आधी विटतात, निळा-काळा टिकतो, त्यामुळे कव्हर थंड, निळसर दिसायला लागलं तर शंका घ्या आणि अंक उलटा करून मागच्या जाहिरातीतला लाल बघा, मागे लाल भडक आणि पुढे विटका म्हणजे तो बरीच वर्षं उजेडात मांडून ठेवला होता.

काळ्या कव्हरला जास्त वेळ द्या. 1965 चा अमेझिंग स्पायडर-मॅन अंक 28 चांगल्या अवस्थेत मिळणं अवघड, कारण काळ्यावर प्रत्येक घडी आणि झिजलेली कड पांढरी होऊन डोळ्यात येते, आणि मग कोणीतरी मार्कर घेऊन ती काळी करून टाकतो. ह्याला कलर टच म्हणतात आणि त्याने किंमत चांगलीच पडते. पकडायचं कसं, तर कव्हर उघडून आतल्या बाजूला घडीपाशी शाई झिरपलीय का बघा, आणि बाहेरून तिरप्या उजेडात धरा, मार्करची चमक छापील शाईपेक्षा वेगळी दिसते. सीजीसी (कॉमिक तपासून, दर्जा ठरवून सीलबंद करून देणारी कंपनी) अशा रिस्टोअर केलेल्या, म्हणजे नंतर डागडुजी केलेल्या अंकाला जांभळं लेबल लावते, म्हणून सीलबंद अंक घेताना लेबलचाही रंग बघा.

आणि नवीन रीप्रिंट बघून जुन्या रंगांबद्दल मत बनवू नका, त्यात बऱ्याचदा कॉम्प्युटरवर नव्याने रंग भरलेले असतात, पिवळ्याच्या जागी नारिंगीत मिसळत जाणारं आकाश वगैरे. मूळ अंकाचा स्कॅन शोधा, थोडा पिवळट पडलेला असला तरी चालेल.