आईवडिलांची आर्थिक हमी घेताना
अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेली मुले आईवडिलांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करतात, तेव्हा त्यांना ‘आय-८६४’ हे हमीपत्र भरून, कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार ठरणाऱ्या संघीय दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के उत्पन्न दाखवावे लागते. या संख्येत स्वतः, जोडीदार, २१ वर्षांखालील अविवाहित मुले आणि येणारी व्यक्ती तर धरावीच, पण पूर्वी कुणाची घेतलेली हमी अजून चालू असेल, तर तीही व्यक्ती मोजावी लागते. ती विसरू नये.

उत्पन्न कमी पडल्यास तुटीच्या पाचपट मालमत्ता दाखवता येते. त्यात आईवडिलांची पुण्यातील किंवा नाशिकमधील सदनिकाही धरता येते. मात्र ती वर्षभरात रोख रकमेत बदलता यायला हवी आणि तिच्यावरचे कर्ज वजा करावे लागते. तेही न जमल्यास संयुक्त हमीदार, म्हणजे सोबत हीच हमी घेणारी दुसरी व्यक्ती, चालतो, पण त्याला जबाबदारीची पूर्ण कल्पना आधीच द्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. आईवडील नागरिक होईपर्यंत, त्यांच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या (साधारण दहा वर्षांचे काम) जमा होईपर्यंत, किंवा ते कायमचा निवास सोडून देश सोडेपर्यंत अथवा मृत्यूपर्यंत ही हमी कायद्याने बंधनकारक राहते, आणि उतारवयात आलेल्यांच्या ४० तिमाह्या क्वचितच भरतात.