नाशकात नवीन आलात? किराणा भरण्याआधी एवढं वाचा

२००७ च्या जूनमध्ये विदर्भ एक्सप्रेसने मी नाशिकरोडला उतरलो, तेव्हा बर्थखाली वीस किलो तांदळाचं पोतं होतं. आईचा हट्ट. "तिकडं आपला तांदूळ भेटते का नाही भेटत, काय माहीत!" गाव विदर्भातलं, ब्रह्मपुरीजवळचं, नोकरी अंबडच्या एमआयडीसीत आणि खोली सिडकोत, पवननगरला. दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन म्हणालो, "दोन रुपयांचा सांबार द्या." शेठने सांबार मसाल्याची पुडी काढून समोर ठेवली. मी दाराशी ठेवलेल्या टोपलीकडे बोट दाखवलं तर म्हणाले, "अहो, ही कोथिंबीर." तेव्हापासून मी सांबार हा शब्द फक्त घरात वापरतो.

विदर्भातून आला असाल तर तुमचंही असं होणार आहे, तेव्हा आधीच ऐकून ठेवा. बरबटी मागू नका, चवळी म्हणा. फल्लीतेल नाही, शेंगदाणा तेल. भेद्रं म्हणालात तर कुणालाच कळणार नाही, टोमॅटो म्हणा. आलू चालून जातं, पण लोक हसतात. उलट इथले काही शब्द तुम्हाला नवे वाटतील. नाचणीला इथे नागली म्हणतात, कारळ्यांना खुरासणी.

आमच्याकडचा कुणी पोरगा अंबडला नाहीतर सातपूरला कामाला लागला की महिनाभरात त्याचा फोन येतो, "भाऊ, किराणा कुठून भरू? सगळ्यात स्वस्त दुकान कोणतं?" मी सांगतो, हा प्रश्नच चुकलाय. सगळ्याच जिनसांत स्वस्त असं दुकान या शहरात नाही. तेल कुठलं, तांदूळ कुठला, डाळ कुठली, असं एकेक विचारा.

सुरुवात घराजवळच्या वाण्यापासून. नवीन माणूस याला सगळ्यात आधी टाकून देतो, कारण मोठ्या दुकानात साबण चार रुपयांनी स्वस्त दिसतो. पण खोलीवर एकटे राहत असाल तर तुम्हाला पन्नास ग्रॅम मोहरी लागते, पाव किलो साखर लागते, आणि पगार सातला होणार असेल तर महिन्याच्या पाच तारखेला उधारी लागते. ते सगळं इथे मिळतं. शिवाय सुटी डाळ घरी नेली आणि तिच्यात सोनकिडे निघाले, तर वाणी ती बदलून देतो. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदी असताना मोठ्या दुकानांपुढे गोल आखून रांगा लागल्या होत्या. आमच्या वाण्याने मात्र ज्यांचं खातं होतं त्यांच्या पिशव्या नावं टाकून पायरीवर काढून ठेवल्या होत्या. ते मी विसरलेलो नाही. आज इंदिरानगरला राहायला येऊन इतकी वर्षं झाली, तरी सणाचं सामान त्याच्याकडूनच भरतो. बायको म्हणते पेट्रोल जळतं. जळू दे.

पण वाणी निवडायचा कसा? माझी पद्धत सांगतो. पहिल्या वेळेस अर्धा किलो तूरडाळच घ्यायची. आपण डाळीच्या मुलखातले, डाळ बघून माणूस ओळखतो. पोत्याचं तोंड रोज गुंडाळून खाली जात असेल, तर माल हलतोय. महिनाभर पोतं तेवढंच दिसलं, तर त्या दुकानातून फक्त काडेपेटी घ्या. काटा गिऱ्हाईकाला दिसेल असा ठेवलाय का, वजन करण्याआधी शून्यावर आहे का, हे बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वजनमापे खात्याकडून दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते, तिचा शिक्का काट्यावर असतो. तो बघायला मागितला म्हणून चांगला वाणी रागावत नाही. आणि दुपारी दोन ते चार-पाच बऱ्याच दुकानांचं शटर अर्धं खाली असतं. पहिली पाळी सुटल्या सुटल्या गेलात तर हात हलवत परत याल.

आता मोठी दुकानं. डी-मार्ट आणि त्या धर्तीची इतर दुकानं शहराच्या बहुतेक भागांतून जवळ पडतात. पाकीटबंद तेल, कपड्यांची पावडर, साबण, चहा, बिस्किटं हे तिथूनच घ्यावं, त्यात वाणी त्यांना पुरा पडत नाही. पगारानंतरच्या पहिल्या शनिवार-रविवारी मात्र जाऊ नका, ट्रॉली ढकलायला जागा नसते. साप्ताहिक सुट्टी मधल्या वारी असेल तर सकाळी उघडता उघडता जा. यादी कागदावर लिहून न्या. मोबाइलवरची यादी बघायला कुणी खिशातून फोन काढत नाही आणि पाच वस्तूंना गेलेला माणूस पंधरा घेऊन येतो. माझ्या घरी तीन प्रकारचे सॉस आहेत, ते असेच आलेत.

तेलाची पिशवी घेताना डोळे उघडे ठेवा. तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे पंधरा लिटरचा डबा आणि पंधरा किलोचा डबा यांत जवळपास एक किलो साडेतीनशे ग्रॅमचा फरक आहे. दोन दुकानांतल्या डब्यांचे भाव ताडून पाहताना लोक हेच विसरतात आणि घरी येऊन म्हणतात, मला स्वस्त मिळाला. काही पिशव्यांत तर ९१० ग्रॅमही नसतं, त्याहून कमी असतं, आणि पिशवी दिसायला तेवढीच. आता पाकिटावर दर ग्रॅमला किंवा दर मिलिलिटरला किती पडतात तेही छापावं लागतं. अक्षर बारीक असतं, पण खरा भाव तोच. "एकावर एक मोफत"चं गणितही त्या आकड्यावरच करा.

आणि बिल तिथेच वाचा. एका मोठ्या दुकानात फळीवर एक भाव लावलेला होता आणि बिलात दुसरा लागला, हे मला घरी आल्यावर कळलं. फरक सत्तर-ऐंशी रुपयांचा. परत गेलो तर म्हणाले, ती पाटी कालची होती. तेव्हापासून मी काउंटरच्या बाजूला उभा राहून बिल वाचतो. मागचे लोक काय बोलायचं ते बोलोत.

खरी मजा जुन्या नाशकात आहे. रविवार कारंजा, दही पूल, भद्रकाली हा सगळा जुना बाजारपट्टा. भुसार आणि मसाल्याचं सामान घ्यायला मी वर्षातून दोनदा तिथे जातो. गाडी नेऊ नका, गल्ल्या अरुंद आहेत आणि गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा जीव जातो. २०२१ पासून सिटीलिंकच्या बस सुरू झाल्यात, त्यांनी जा. येताना ओझं असेल तर चौघांत रिक्षा करा. चौघांत म्हणतो ते मुद्दाम. पोतं एकट्याने घेऊ नका, तीन-चार घरं मिळून घ्या. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर आणि डाळींवर ५ टक्के जीएसटी बसतो, त्याहून मोठ्या पोत्यावर बसत नाही. २६ आणि ३० किलोचे कट्टे बाजारात दिसतात ते उगाच नव्हे. सुट्या मालावरही हा कर नाही.

तांदळाचं जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या माणसाचा जीव तिथे अडकतो. नाशकात बोलबाला इंद्रायणीचा. इगतपुरी, घोटी भागात भाताची शेती आहे, घोटीला तांदळाच्या गिरण्या आहेत. इंद्रायणीला वास सुरेख, पण भात चिकट होतो. माझ्या आईने पहिल्यांदा खाल्ला तेव्हा म्हणाली, "हे का गिचका केलास?" मुगाच्या खिचडीला आणि तूप-मेतकूट-भाताला मात्र त्याच्यासारखा नाही, हे मला मान्य करायला दहा वर्षं लागली. रोजच्या वरणभाताला मोकळा भात हवा असेल तर एचएमटी मागा, इथे सर्रास मिळतो. तो वाण आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात एकेक ओंबी निवडून काढलेला आहे, आणि नाव हातातल्या घड्याळावरून पडलं. दुकानदाराला हे सांगत बसू नका, मी सांगून पाहिलंय, भाव कमी होत नाही.

तांदूळ जुना की नवा ते विचाराच. नवा तांदूळ पाणी कमी घेतो आणि भात गोळा होतो. तोंडाने सगळेच जुना म्हणतात. एकदा अशाच भरवशावर घेतलेला तीस किलोचा कट्टा आम्ही उन्हाळाभर इडल्या आणि घावन करून संपवला. आता मी पाव किलो नमुना घरी आणतो, भात लावून बघतो आणि मगच पोतं उचलतो. सकाळची एक खेप जास्त होते, पण वर्ष सुखात जातं.

गहू मार्च ते मे या काळात भरा. मध्य प्रदेशातून लोकवन आणि शरबती येतो. शरबती महाग, पण पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. ऊन देऊन कोठीत भरा, थरांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, डाळींना एरंडेलाचा हात फिरवा. हे काही नाशिकचं नाही, आपल्या आज्यांचंच आहे, पण सिडकोच्या ओलसर खोल्यांत जास्त कामी येतं. दळायला देताना गिरणीवाल्याला विचारा, आधी काय दळलंय. ज्वारीवर गहू दळला तर पोळी फुगत नाही. त्याच दिवसांत मिरच्यांची खरेदी आणि मसाला कांडप यंत्रांपुढच्या रांगा सुरू होतात. इथला काळा मसाला एकदा घरी करून पाहा. पाकिटातला पुन्हा आवडणार नाही.

बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो. आमच्या पहिल्या दोन वर्षांत भाजी, लसूण, सुक्या मिरच्या सगळं तिथूनच यायचं. भाव संध्याकाळी उतरतात, मालही उतरतो, त्यामुळे पाचच्या सुमारास जाणं उत्तम. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावरची दुकानं हलवतात. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आलंय, यावर सगळं गाव पुराचा अंदाज बांधतं. कमरेवर आलं असेल तर त्या बुधवारी घरीच थांबा.

आता जे नाशकात राहून न घेणं म्हणजे करंटेपणा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरपट्ट्यातली नागली आणि खुरासणी. बचत गटांच्या बायका विकायला बसतात, त्यांच्याकडून घ्या, आणि नागलीचे पापडही घ्या. कांदा साठवायचा तर एप्रिल-मेमधला उन्हाळ कांदा, लासलगाव पट्ट्यातला. हवेशीर ठेवला तर चार-पाच महिने टिकतो. हिवाळ्यातला लाल कांदा स्वस्त दिसला म्हणून पोतंभर घेऊ नका, त्याला कोंब येतात आणि तो सडतो. भगरीच्या गिरण्याही नाशकातच आहेत, त्यामुळे भगर ताजी मिळते. पण एक सावधगिरी. भगरीला बुरशी चटकन धरते आणि सुट्या, जुन्या भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या नवरात्र-एकादशीला येतच असतात. भगर पाकीटबंद आणि तारीख बघून घ्या. पीठ लागेल तेवढंच घरी दळा, ठेवू नका.

दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपबद्दल पोरं विचारतात. पाहुणे आलेत आणि दूध संपलंय, अशा वेळी ठीक. महिन्याचं सामान त्यावर भरणाऱ्याचा पगार मला माहीत नाही, पण जास्त असावा.

गावी रेशनकार्ड असेल तर ते नाशकात बदलून आणेपर्यंत धान्य सोडून देऊ नका. अन्नसुरक्षा योजनेतलं कार्ड आधारशी जोडलेलं असलं, की अंगठा लावून इथल्या कोणत्याही रेशन दुकानातून धान्य उचलता येतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो. घरातलं कुणी तिकडे तर कुणी इकडे असेल तर वाटून उचललं तरी चालतं. दुकानदार "तुमचं कार्ड इथलं नाही" म्हणाला तर वाद न घालता तहसीलच्या पुरवठा शाखेत जा.

२०२७ ला सिंहस्थ आहे. २०१५ चा मी पाहिलाय. शाही स्नानाच्या दिवसांत पंचवटी आणि जुन्या नाशकातले रस्ते बंद होते, रविवार कारंजाला पायी जाणंही अवघड. स्नानाच्या तारखा बघून आठवडाभर आधी घरात सामान भरून ठेवा. भाजी, दूध, गॅस सगळंच.

एवढं करूनही काही गोष्टी मिळणार नाहीत. जवस मिळते, चिन्नोर तांदूळ कुठेकुठे मिळतो, पण लाखोळीची डाळ अठरा वर्षांत मला इथे एकाही दुकानात दिसली नाही. तेव्हा दिवाळीला गावी जाल तेव्हा फोन करा. परतताना दोन किलो माझ्यासाठी आणा. बर्थखाली जागा असतेच.