जुन्या जीएमसी मोटरहोमचे सस्पेन्शन कसे सुधारावे आणि कसे तपासावे

जनरल मोटर्सच्या जीएमसी या विभागाने १९७३ ते १९७८ या काळात अमेरिकेतील मिशिगन राज्यात बांधलेले २३ आणि २६ फुटी मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाड्या, आजही हौशी मालक जपून चालवतात. त्याचे इंजिन आणि गिअरबॉक्स ओल्ड्समोबाइल टोरोनाडो या मोटारीच्या धर्तीवर पुढेच असून पुढची चाके ओढतात. त्यामुळे मागे ना प्रोपेलर शाफ्ट, ना अखंड अ‍ॅक्सल, आणि गाडीच्या आतली जमीन विलक्षण खाली आलेली. या मांडणीमुळे सस्पेन्शनचे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या रचनेचे, दोन भाग पूर्णपणे वेगळ्या तत्त्वांवर चालतात. पुढे गाडीच्या लांबीत बसवलेले टॉर्शन बार, म्हणजे पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणारे पोलादी दांडे, आहेत, तर मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक दोन चाके असून, चाक धरणारा एकाचा दांडा पुढे व दुसऱ्याचा मागे गेलेला आहे आणि त्या दोघांच्या मध्ये स्प्रिंगचे काम करणारी, हवेने भरलेली आडवी एकच एअर बॅग आहे. सुधारणेचा विचार करताना हे दोन भाग एकाच मापाने मोजू नयेत.

सुटे भाग मागवण्याआधी गाडी मोजावी. प्रवासाला निघताना असते तशी, म्हणजे पाण्याची टाकी, सामान आणि प्रवासी यांसह, ती वजनकाट्यावर न्यावी आणि शक्य असेल तर प्रत्येक चाकाखालचे वजन वेगळे घ्यावे. डाव्या-उजव्या बाजूंतील फरक स्वयंपाकाच्या ओट्यामुळे किंवा जनरेटरमुळे आहे की थकलेल्या बारमुळे, हे आकडे समोर असल्याशिवाय ठरत नाही. त्यानंतर सपाट काँक्रीटवर, टायरमधील हवा नेमकी करून, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या चॅसीवरील (गाडीच्या सांगाड्यावरील) खाचांपासून जमिनीपर्यंतची उंची चारही ठिकाणी नोंदवावी. बुश (सांध्यांतील रबरी नळ्या), बॉल जॉइंट (गोल फिरणारे सांधे) आणि चाकांचे बेअरिंग ढिले असतील तर ते आधी बदलावेत, कारण ढिल्या सांध्यांवर केलेली कोणतीही चाचणी सांध्यांचीच चाचणी ठरते.

कामाला हात घालण्याआधी सुरक्षेची बाजू पक्की करावी. एअर बॅगच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. हवा अचानक सुटली तर गाडी क्षणात खाली बसते. चॅसीखाली मजबूत घोड्या (स्टँड) लावाव्यात. टॉर्शन बारमध्ये साठलेला ताण तितकाच घातक असतो, म्हणून तो योग्य अवजाराशिवाय मोकळा करू नये.

पुढच्या भागाबद्दल एक समज फार पसरलेला आहे, तो म्हणजे अ‍ॅडजस्टिंग बोल्ट घट्ट केला की सस्पेन्शन कडक होते. त्या बोल्टाने फक्त उंची बदलते. बारचा कडकपणा त्याच्या व्यासावर, लांबीवर आणि पोलादाच्या गुणधर्मावर ठरतो. व्यास १० टक्क्यांनी वाढवला तर कडकपणा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो. म्हणूनच जाड बार निवडताना हात आखडता ठेवावा. उंची प्रमाणाबाहेर वाढवली तर पुढची चाके फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढून ते लवकर झिजतात. उंची ठरल्यावरच अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, करावे. उलट क्रमाने केलेले अलाइनमेंट वाया जाते.

मागच्या भागात प्रथम गळती शोधावी. रात्री उंची नोंदवून व्हॉल्व्ह बंद करून बॅग वेगळी करावी आणि सकाळी पुन्हा मोजावे. तरीही ती खाली आली तर दोष बॅगेत किंवा तिच्या जोडात, आणि तशीच राहिली तर नळीत किंवा व्हॉल्व्हमध्ये समजावा. साबणाच्या पाण्याने नेमकी जागा सापडते. मोजणी शक्यतो सारख्याच तापमानाला करावी, कारण थंडीने दाब उतरतो आणि नसलेली गळती दिसू लागते.

खरा पेच मात्र ब्रेक लावल्यावर समोर येतो. मधली एअर बॅग दोन्ही दांड्यांना सारख्याच जोराने ढकलते, म्हणून सरळ चालताना दोन्ही चाकांवर भार छान वाटला जातो. ब्रेकचा ड्रम किंवा कॅलिपर दांड्यालाच धरलेला असल्यामुळे ब्रेकचा पीळ दांड्यावर येतो: पुढे गेलेल्या दांड्याचे चाक रस्त्यावर दाबले जाते आणि मागे गेलेल्या दांड्याचे चाक हलके होते. हलके झालेले चाक आधी लॉक होऊन, म्हणजे फिरायचे थांबून, घसरते. दोन्ही दांडे एकाच दिशेने फिरू पाहत असल्यामुळे मधली बॅग त्याला विरोध करत नाही, म्हणून केवळ तिचा दाब वाढवून हा दोष जात नाही. त्यावरचा यांत्रिक उपाय म्हणजे ब्रेकचा पीळ वेगळ्या दुव्याने थेट चॅसीकडे नेणे. प्रत्येक चाकाला स्वतंत्र बॅग देणारी चार बॅगांची रचना निवडली तर एका बॅगेच्या बिघाडाने संपूर्ण बाजू बसत नाही, हा तिचा स्पष्ट फायदा आहे. परंतु मग भार सारखा वाटण्याची जबाबदारी नळ्यांच्या जोडणीवर येते आणि अरुंद नळीतून हवा सावकाश सरकत असल्याने झटपट बसणाऱ्या धक्क्यांत दोन्ही चाके जवळपास स्वतंत्रच वागतात.

चाचणीत एका वेळी एकच बदल करावा, हा नियम मोडल्यास उरलेली सगळी मेहनत निरर्थक होते. रस्त्याचा तोच तुकडा, तोच वेग, तेच वजन आणि टायरमधील तीच हवा ठेवावी. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा रॉड उघडा असेल तर त्यावर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधावी. ती सरकलेली जागा रॉड जास्तीत जास्त किती आत दबला ते दाखवते. सलग खडबडीत रस्त्यावरून आल्यावर शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे तापमान दुरून मोजणाऱ्या थर्मामीटरने तपासावे. बाकीचे गरम आणि एखादाच थंड असेल तर तो निकामी झालेला असण्याची दाट शक्यता आहे. मोबाइलमधील हालचाल मोजणारा अ‍ॅक्सिलरोमीटर गाडीच्या आतल्या जमिनीवर पक्का चिकटवून एकाच उंचवट्यानंतरची आंदोलने नोंदवावीत. घरासारखी जड गाडी सेकंदाला साधारण १ ते १.५ आंदोलनांच्या आसपास असावी असे मला वाटते. उंचवट्यानंतर ती एकदाच हलून शांत झाली तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर पुरेसे आहेत. डुलत राहिली तर नाहीत.

ब्रेकची चाचणी मात्र रिकाम्या, कोरड्या आणि बंदिस्त जागेतच घ्यावी. चाकांकडे रोखलेला कॅमेरा चॅसीला बांधून ताशी ३० मैलांपासून हळूहळू जोर वाढवत ब्रेक लावावा आणि मागचे चाक कधी लॉक होते ते चित्रणात पाहावे. हीच चाचणी बदलापूर्वी आणि बदलानंतर घेतल्याशिवाय सुधारणा झाली असे म्हणू नये, कारण मऊ, सुखद चाल आणि सुरक्षित थांबणे या दोन गोष्टी या गाडीत सहज एकमेकींशी भांडतात. पहिल्या लांब प्रवासानंतर रबरी बुश बसतात, म्हणून सर्व बोल्ट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला घट्ट करावेत, चारही उंच्या पुन्हा मोजाव्यात आणि फरक असल्यास अलाइनमेंट नव्याने करून घ्यावे.