हीटरमधून गार हवा: दोष कूलंटमध्ये अडकलेल्या हवेचा होता

डिसेंबरात तोरणमाळचा घाट चढताना गाडीचा हीटर पूर्ण गरमवर, तरी हवा गारच. लेकरं कुडकुडत होती, फार जीव तुटला. धुळ्यात आधी थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप) बदलला, मग केबिन फिल्टर, फरक शून्य.

शेवटी गरम इंजिनवर हीटरचे दोन्ही पाइप जपून चाचपले: एक गरम, दुसरा थंड. म्हणजे हीटरमधून कूलंट (इंजिनाची उष्णता वाहून नेणारं द्रव) फिरतच नव्हतं. एका पाइपची क्लिपही पाझरत होती, तिथूनच हवा आत शिरून अडकली होती.

ती बदलली. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच (गरम असताना झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं) गाडीचं तोंड चढावर केलं. रेडिएटरचं झाकण काढून कूलंट भरलं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू केलं, वरचा जाड पाइप हलके दाबत राहिलो. बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट टाकलं, मग झाकण घट्ट लावलं. थोड्या वेळाने दोन्ही पाइप सारखेच गरम.