गंजलेल्या बिजागरीचा झिजलेला स्क्रू असा निघाला

2019 च्या ऑगस्टमधील कृष्णेच्या पुरानंतर सांगलीतील आमच्या मागील दाराच्या बिजागरीचे स्क्रू गंजले, आणि त्यातील एकाची अधिक चिन्हासारखी खाच तर पार झिजून गुळगुळीत झाली. सुरीचे टोक घसरत होते, पक्कडीला डोके पकडता येत नव्हते. अगदी जीव मेटाकुटीला आला.

अखेर स्क्रूच्या कडेने डिझेलचे थेंब सोडून रात्रभर मुरू दिले. सकाळी खाचेत स्क्रू ड्रायव्हर सरळ धरून त्यावर हातोडीचे हलके ठोके दिले, कारण गंजाची पकड त्यानेच सुटते. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा पातळ तुकडा (जाड रबर खाचेत उतरत नाही) मध्ये ठेवला, अंगाचा भार देऊन आधी दाबले आणि नंतरच सावकाश डावीकडे फिरवले. पहिला पाव फेरा सुटताच बाकीचा स्क्रू सहज बाहेर आला.