मोटारीची थरथर मोजायची? आधी एमसील आणा

रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला मोटार बसली की काय होतं ते सांगायला नको, मे महिन्यात पाणी दोन दिवस तुटलं की बाग माना टाकते. विहिरीवरची मोटार बिघडायच्या आधी वेगळी थरथरते, आणि ती मोजायला दोन-अडीचशे रुपयांचा एमपीयू-६०५० सेन्सर आणि एक ईएसपी३२ बोर्ड (वायफायवाला छोटा कंट्रोलर) पुरतो भो.

या सेन्सरच्या पोटात बारीक स्प्रिंगांवर टांगलेला सिलिकॉनचा ठोकळा असतो, त्याला कंगव्यासारखे दात. हादरा बसला की दातांमधलं अंतर बदलतं, कॅपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) बदलतो, तोच आकडा आपल्याला मिळतो.

आधी टेबलावर सपाट ठेवून बघा. ±२ जी रेंजला (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा जोर) झेड म्हणजे उभ्या अक्षावर १६३८४ च्या आसपास यायला पाहिजे, उलटा केला की तेवढाच मायनसमध्ये. समजा १६९०० आणि -१५९०० आले तर ऑफसेट, म्हणजे कायमची चूक, ५०० चा, तो वजा करायचा. उन्हात मोटार तापली की हा ऑफसेट सरकतो, पण थरथर बघताना आपण सरासरी वजाच करतो, त्यामुळे टेन्शन नाही.

आता खरी गोम बसवण्यात आहे. मी पहिल्यांदा फोमवाल्या डबल टेपनं चिकटवला, तर टेपच स्प्रिंगसारखी हलायची आणि रोज वेगळा आकडा. मोटार बंद करून, ग्रीस-धूळ खरवडून, बेअरिंगच्या जवळ बॉडीवर एमसीलनं बसवा आणि रात्रभर सुकू द्या. सेन्सरची वायर वीतभरच ठेवा.

मग स्पीड. दोन पोलची मोटार मिनिटाला साधारण २९०० फिरते, म्हणजे सेकंदाला ४८.३ वेळा, ४८.३ हर्ट्झ. मी आधी नानांच्या वावरात मोबाईलवर फायफॉक्स (फोनचे सेन्सर वाचणारं) ॲप लावून मोजलं, फोन सेकंदाला १०० रीडिंग घेत होता, आणि ३ हर्ट्झला मोठा पीक, म्हणजे आलेखातलं टोक, दिसला. मी म्हटलं फाउंडेशन डुलतंय, अर्धा दिवस बोल्ट आवळले! ते ४८.३ च्या दुपटीचं ९७ होतं, सेकंदाला शंभरच रीडिंग असल्यानं नीट न पकडता दुमडून १०० उणे ९७, म्हणजे ३ ला आलेलं. म्हणून सेकंदाला १००० रीडिंग घ्या, आणि आय-टू-सीचा (सेन्सर-बोर्डमधल्या वायरवरच्या बोलण्याचा) क्लॉक ४०० किलोहर्ट्झ करा, नेहमीच्या १०० वर वाचायलाच वेळ पुरत नाही. १०२४ रीडिंगचं एफएफटी (कोणत्या हर्ट्झला किती थरथर ते काढणारं गणित) केलं की जवळपास १ हर्ट्झपर्यंत फरक कळतो.

मोटार चांगली असतानाच पहिलं रीडिंग जपून ठेवा, नंतर दर आठवड्याला त्याच्याशी ताडून बघा. ४८ चा पीक चढत चालला तर इंपेलरमध्ये (पंपाच्या पाणी फेकणाऱ्या चाकात) कचरा, नाहीतर पायाचे बोल्ट ढिले. बेअरिंगची अगदी सुरुवातीची खरखर मात्र काही हजार हर्ट्झवर असते, या सेन्सरची झेप २६० हर्ट्झपर्यंतच, तेवढी आशा ठेवू नका.

बरेच जण विचारतात, बॅटरीऐवजी थरथरीवरच वीज बनवणारी पिझो पट्टी लावू का? ती पट्टी एकाच फ्रिक्वेन्सीला जुळवलेली असते, व्होल्टेज पडून मोटार जरा स्लो झाली की तिची वीज धाडकन खाली येते, आणि वायफाय पाठवताना बोर्ड शंभराच्या वर मिलीअँपिअर खातो. अरे भाऊ, जिथं मोटार थरथरते तिथं लाईट आहेच ना! मोबाईलचा जुना चार्जर लावा. फक्त स्टार्टरच्या पेटीतून फेज-न्यूट्रल वायरमनलाच काढू द्या, तिथं ४१५ व्होल्ट असतात.