पाडायच्या आधी कुलपं

माझ्या शेल स्क्रिप्टचं नाव 'धुणं'. लॅपटॉपवरचा पोस्टग्रेसचा डेटाबेस पाडायचा, नवा उभारायचा, मायग्रेशन्स (टेबलांची रचना टप्प्याटप्प्याने घडवणाऱ्या फाइली) चालवायची, नमुना डेटा भरायचा. मुलुंडला लोकलमध्ये बसायला मिळालं (मिळालंच तर) की चालवते, पुढचं नाहूर स्टेशन यायच्या आत धुऊन होतं.

अशी स्क्रिप्ट लिहायला बसलात की पाडण्यापासून सुरुवात करू नका. एका जुन्या नोकरीत माझ्या टर्मिनलच्या एका टॅबमध्ये पीजीहोस्ट हा (कमांडने कुठल्या मशीनशी बोलायचं ते सांगणारा) व्हेरिएबल टेस्टिंग सर्व्हरवर लावलेला राहून गेला. डेटाबेस पाडणाऱ्या ड्रॉपडीबी कमांडने निमूट तिथलाच डेटाबेस उडवला. शुक्रवारी, संध्याकाळी सहाला. टेस्टिंगवाली मैत्रीण पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

म्हणून पहिलं कुलूप: प्रत्येक कमांडला होस्ट स्वतः सांगा, लोकलहोस्ट, म्हणजे आपलंच मशीन. तेवढ्यावर विसंबू मात्र नका. एसएसएच टनेल (दूरच्या सर्व्हरकडे जाणारा बोगदा) उघडा राहिला असेल तर तुमच्याच मशीनचं ५४३२ पोर्ट (पोस्टग्रेसचं नेहमीचं दार) थेट ऑफिसच्या सर्व्हरवर जाऊन पोचतं. दुसरं कुलूप त्यासाठी: डेटाबेसचं नाव 'डेव्ह'ने संपत नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबायचं. मायग्रेशनचं टूल डेटाबेसचा पत्ता एन्व्ह फाइलमधून (सेटिंग्जच्या फाइलमधून) उचलत असेल तर तोही याच चाळणीतून जाऊ द्या.

सगळ्यात वर 'सेट' कमांड, ई, यू आणि पाइपफेल या पर्यायांसह. कमांड फसली किंवा व्हेरिएबल द्यायचाच राहिला तर स्क्रिप्ट पुढे रेटत नाही. ड्रॉपडीबीला 'इफ एक्झिस्ट्स' (असेल तरच पाड) द्या, नाहीतर नव्या लॅपटॉपवर पहिल्याच पावलाला अडते. 'डेटाबेस दुसरं कुणी वापरतंय' अशी तक्रार आली तर ते दुसरं कुणी म्हणजे बहुधा तुम्हीच उघडी ठेवलेली डीबीव्हरची, म्हणजे डेटाबेस बघायच्या प्रोग्रॅमची, खिडकी. २०२० साली आलेल्या १३व्या आवृत्तीपासून 'फोर्स' दिलं की अशी कनेक्शन्स तोडून टाकता येतात.

खरा चकवा पीएसक्यूएलचा, म्हणजे एसक्यूएलच्या फाइली चालवणाऱ्या कमांडचा. फाइलमध्ये चूक असली तरी तो पुढच्या ओळी चालवत राहतो आणि शेवटी सगळं ठीक असल्याचं कळवतो, त्यामुळे वरचं ते 'ई' बिचारं गप्प. माझा एक स्वल्पविराम राहिला होता. स्क्रिप्ट म्हणाली 'झालं', स्टेशनांचं टेबल रिकामं, आणि मी अर्धा तास ॲपमध्ये चूक शोधतेय. 'ऑन एरर स्टॉप' हा व्हेरिएबल १ करून द्या.

नमुना डेटात 'ग्राहक १, ग्राहक २' नको. आमचं ॲप जेवणाच्या डब्यांचं. स्टेशनांत मी एल्फिन्स्टन रोड आणि प्रभादेवी दोन्ही भरते; स्टेशनचं नाव २०१८ मध्ये बदललं, तरी लोक जुनंच टाइप करतात. एका ग्राहकाला फोनच नाही. एकाचा पत्ता नुसता 'मागच्या जिन्याने वर'. खऱ्या ग्राहकांचा डंप (सगळ्या डेटाची नक्कल) मात्र लॅपटॉपवर उतरवू नका, लॅपटॉप लोकलमध्ये फिरतो.

मायग्रेशन्स शेकड्यांनी झाली की धुणं रेंगाळतं. मग भरलेला डेटाबेस एकदाच साचा म्हणून ठेवा आणि नवा डेटाबेस उभारणाऱ्या क्रिएटडीबी कमांडला 'टेम्प्लेट' म्हणून त्याचं नाव द्या. नुसती नक्कल होते, म्हणून पटकन. त्या वेळी साच्याला कुणी जोडलेलं नको. मायग्रेशन बदललं की साचा नव्याने करायचा. त्याची स्क्रिप्ट वेगळी आहे, 'मोठं धुणं'.